पितांबरनानांचा झिरो

तव्यावरची भाकरी करपू लागली म्हणून पितांबरनानांनी ती हातानेच उलटली, आणि उलटून झाल्यावर हात तव्यावरून काढायचा राहूनच गेला. मागच्या दारी शेजारणीशी बोलत उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई वासाने आत धावल्या.

“ओ चेतनाना पप्पा! तवा तापेल शे ना!”

“हां,” नाना म्हणाले आणि त्यांनी हात उचलला. दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवरची पिशवी पाहावी, तशी नानांनी ती बोटं पाहिली.

“चटका लागना नही का तुम्हले?”

“लागना ना.”

हे खोटं होतं. लागलाच नव्हता. मुळात त्या बोटांना काही लागायचं बंद होऊन बरेच महिने झाले होते. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शुगरमुळे बोटांच्या नसा झोपायला लागल्या आहेत, गोळ्या चालू ठेवा, गोड बंद करा. नानांनी घरी येऊन शुगरचं सांगितलं, बोटांचं गाळलं. मग एके दिवशी मुंग्याही गेल्या. मुंग्या होत्या तोवर निदान आत काहीतरी चाललंय असं तरी वाटायचं.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण तरी) बोटांबरोबर बाकीचंही एकेक झोपत गेलं. मुलगी चेतना अकरावीला सायन्सला गेली, नाना म्हणाले, “बरं.” केळीच्या बागेत वादळ घुसून भावाची अर्धी झाडं आडवी झाली, नाना म्हणाले, “बरं.” घरात त्या ‘बरं’ची चेष्टाच सुरू झाली होती. चेतना तर टीव्हीवर कुणी रडायला लागलं की नानांच्या आधी स्वतःच मान हलवून म्हणायची, “बरं!” आणि हसत सुटायची. नानाही हसायचे. म्हणजे ओठ तेवढे लांब व्हायचे.

आता तुम्ही म्हणाल, बोटांना कळत नाही तर असं काय मोठं बिघडलं? शेतात असते तर कदाचित नसतंही बिघडलं. पण नाना मापाचे माणूस होते.

शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाताना रस्त्याच्या कडेला इंद्रसिंगबापूंचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, लोखंड कातायचे दोन लेथ, आणि बाहेर कडुनिंबाखाली एक बाज. तिथे पाण्याच्या पंपांचे शाफ्ट बनतात. शाफ्ट म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारा लोखंडी दांडा. त्याच्या टोकावर बेअरिंग बसतं. टोक जरा जाड झालं तर बेअरिंग चढत नाही, जरा बारीक झालं तर ते डुलायला लागतं आणि ऐन पाण्याच्या पाळीला पंप बसतो. जरा म्हणजे किती? मिलिमीटरचे शंभर भाग करा आणि त्यातले दोन घ्या. तेवढं.

शाफ्ट लेथवर कातायचा मगनने आणि मोजायचा नानांनी, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. नानांच्या हातात जुना मायक्रोमीटर असायचा. त्याची कळ फिरवत जायची, दोन तोंडांच्या मध्ये शाफ्ट अलगद अडकला की थांबायचं. ‘अलगद’ कुठे संपतं आणि ‘घट्ट’ कुठे सुरू होतं, ते आकड्यावर लिहिलेलं नसतं. ते बोटाला कळतं. पुरेसं आवळलं की टिकटिक करून सैल होणारी त्या मायक्रोमीटरची मूठ कधीच झिजून गेली होती, त्यामुळे सगळी भिस्त बोटावर. मगन म्हणायचा, “नानाना हातमा देव शे.”

त्या हातातला देव आता उठून गेला होता. नाना कळ फिरवायचे, डोळे बारीक करायचे आणि मगनच्या कामावर विश्वास ठेवून अंदाजे आकडा सांगायचे. मगनचं काम चांगलं असायचं, म्हणून चालून जात होतं. पण रोज सकाळी शेडकडे सायकल वळवताना नाना एकच विचार करायचे: आज कळेल सगळ्यांना. त्याची भीतीसुद्धा त्यांना नीट वाटत नव्हती, पण विचार मात्र रोज यायचा.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर बापूंनी खोका आणला.

खोक्यात नवा डिजिटल मायक्रोमीटर होता, काचेत आकडे दाखवणारा, आणि त्याच्या पाठीत खुपसायची एक लांब केबल. बापूंनी तो टेबलावर मांडला. “नाना, पंपवाली कंपनी म्हनस, मापं आम्हले कॉम्प्युटरवर पाहिजेत. हातना लिखेल आकडा चालाव नही. हाई वायर कॉम्प्युटरमा टाकानी, बटन दाबानं, आकडा आपोआप आत.”

“बरं,” नाना म्हणाले.

“बरं काय बरं! माले तर काहीच समजस नही त्यामा. तुम्हनी पोर शिकस ना कॉम्प्युटर? लई या तिले.”

चेतना आली ती सायकल स्टँडवर लावायच्या आधीच बोलायला लागली होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये यंदा तिने पहिल्यांदा माइक हातात धरला होता आणि तेव्हापासून तो मनातून खाली ठेवलेलाच नव्हता. तिने शेडमधल्या कॉम्प्युटरवरची धूळ ओढणीने पुसली, केबलचं चपटं टोक आधी उलटं, मग सुलटं लावलं, आणि कॉम्प्युटरने ‘टुंग’ केलं.

“ओळखलं त्याने! बापू, याला काही वेगळं लागत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हा कीबोर्डच आहे. आपण बटण दाबलं की हा आकडे टाइप करतो. पप्पा, एक शाफ्ट द्या.”

मगन लेथ थांबवून बघायला आला. चेतनाने शाफ्ट मायक्रोमीटरच्या तोंडात धरला, मूठ फिरवली. मूठ टिक टिक करून आपोआप सैल झाली. तिने बटण दाबलं. पडद्यावरच्या चौकोनात आकडा पडला: २०.०१.

“अरे, हाई तं मराठी शे!” मगन ओरडला.

खरंच, आकडा मराठीत होता. चेतनाने आणखी दोन-चार मापं घेऊन त्यांची सरासरी काढायला सांगितलं तर कॉम्प्युटर ढिम्म. त्याला ते आकडे वाटतच नव्हते, अक्षरं वाटत होती. बापूंच्या पुतण्याने नवरात्र मंडळाची पत्रिका याच कॉम्प्युटरवर टाइप केली होती आणि कीबोर्ड मराठीवर ठेवून पठ्ठ्या निघून गेला होता.

“जपानना मायक्रोमीटर शहादामा उना आनि लगेच मराठी बोलाले लागना,” मगन म्हणाला. “मी इतला वरीसपाइन बोली ऱ्हायनू, माले कोनी कंपनीवाला इचारस नही.”

चेतनाने खालच्या कोपऱ्यात एक टिचकी मारली, इंग्रजी कीबोर्ड आणला आणि पुन्हा बटण दाबलं. आता इंग्रजी आकडा पडला आणि सरासरीही आली. वीसपेक्षा कमी किंवा २०.०२ पेक्षा जास्त माप आलं की चौकोन आपोआप लाल व्हावा, अशी सोयही तिने करून दिली. बापू इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी समोसे मागवले.

नानांनी मात्र दुसरीच गोष्ट पाहिली होती. ती सैल होणारी मूठ. टिक टिक टिक. कुठे थांबायचं ते मूठच ठरवत होती. म्हणजे आता बोटाला काही कळायची गरजच नव्हती. फिरवायचं, टिकटिक ऐकायची, बटण दाबायचं. कानाला कळत होतं, डोळ्याला दिसत होतं, आणि बोट काय, बटण तर काठीनेही दाबता येतं. नानांच्या आत कित्येक दिवसांनी काहीतरी किंचित हललं. पाण्याच्या टाकीत तळाशी मासोळी फिरावी, इतकंच. लपायला जागा मिळाली होती.

चेतनाने जाताजाता एक गोष्ट बजावली. “पप्पा, रोज सकाळी दोन्ही तोंडं स्वच्छ पुसायची, मग मिटवायची आणि झिरोचं बटण दाबायचं. तो तिथून मोजायला लागतो. झिरो चुकला की सगळंच चुकलं.”

“बरं.”

“बरं नाही, पप्पा. ‘हो चेतना’ म्हणा.”

“हो चेतना,” नाना म्हणाले, आणि मगन तोंडावर हात ठेवून हसला.

काही दिवस झकास गेले. आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यांत, गॅरेजांत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. लेथ धुऊन पुसून काढले, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. हातोड्या, पाने, कातायची हत्यारं, सगळं पाटावर मांडलं. बापूंच्या आई रेवाबाई वयाने थकल्या होत्या, पण पूजेत त्यांचा हात कुणी धरत नसे. त्यांनी वाटीत कुंकू पाण्यात कालवलं आणि एकेका हत्याराला टिळे लावत सुटल्या. नव्या मायक्रोमीटरची पाळी आली तेव्हा बापू म्हणाले, “आई, तो नाजूक शे, वरवर लाव.”

“देवनं काम वरवर व्हस का रे?” रेवाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मायक्रोमीटरला एक टिळा पाठीवर आणि एक थेट तोंडात लावला. माणसाला कपाळावर लावतात, तर या हत्याराचं कपाळ कुठे असणार? तोंडाशीच. सगळ्यांनी हात जोडले, पेढे वाटले. दसऱ्याला शेड बंद राहिली आणि ते ओलं कुंकू पोलादावर वाळून बसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना टेबलाशी बसले. त्यांनी मायक्रोमीटर उचलला, पाठीवरचा टिळा चिंधीने पुसला आणि तोंडांवरून अंगठा फिरवला. जुनी सवय. चिंधीने पुसायचं आणि शेवटी अंगठ्याने खात्री करायची, कारण चिंधीचा धागा राहू शकतो, अंगठा मात्र केसाएवढा कणही सोडत नाही. एवढी वर्षं अंगठ्याने ‘स्वच्छ’ म्हटलं की ते स्वच्छ असायचं. आजही अंगठा काहीच बोलला नाही. नानांनी त्याचा अर्थ ‘स्वच्छ’ असा घेतला. तोंडं मिटवली, झिरोचं बटण दाबलं.

मगन शाफ्ट देत गेला, नाना मोजत गेले. २०.०१. २०.०१. २०.०२. सगळं हिरवं. चहा झाला. पुन्हा मोजायला बसले आणि पहिलाच चौकोन लाल झाला. १९.९८. पुढचा १९.९८. पुढचा १९.९९. पुन्हा लाल. नानांनी शाफ्ट पुसून पुन्हा मोजला, पुन्हा लालच. टेबलाच्या एका बाजूला नापास शाफ्टचा ढीग वाढायला लागला. बारीक झालेला शाफ्ट म्हणजे भंगार. जाड असला तर पुन्हा कातता येतो, पण बारीक झालेल्याला लोखंड परत चिकटवता येत नाही.

बापू आले, त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांची मान लाल झाली. “मगन! अठे ये.”

मगन हात पुसत आला. “काय व्हयनं, बापू?”

“काय व्हयनं माले इचारस? चहानंतरना समदा माल बारीक. ध्यान कोठे शे तुन्हं? दसराना सोनं अजून उतरनं नही का?”

“बापू, मी हात बी लावा नही सेटिंगले. सकाळना आनि आतेना मालमा काही फरक नही.”

“कॉम्प्युटर खोटं बोलस?”

मगनने टेबलाच्या खणातून जुना मायक्रोमीटर काढला आणि एक नापास शाफ्ट स्वतःच मोजला. “दखा. बरोबर शे.”

“त्या जुना डबडानं काय सांगस माले? त्यानी मूठ गयेल शे. तो फक्त नानाना हातमा बोलस.” बापूंनी मायक्रोमीटर मगनच्या हातातून घेतला आणि नानांपुढे धरला. “नाना, तुम्ही मोजा. तुम्ही सांगशात ते खरं.”

मगनचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हां! नानाच सांगतीन. मोजा, नाना.”

नानांनी मायक्रोमीटर घेतला. शेडमध्ये लेथ बंद होता, त्यामुळे बाहेरच्या उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आत येत होता. शाफ्ट तोंडात धरला. कळ फिरवली. बोट कळीवर होतं, हे त्यांना दिसत होतं. कळ फिरत होती, हेही दिसत होतं. अलगद कधी आलं? आलं की गेलं? त्यांनी थोडी आणखी फिरवली. कापसाच्या गाठोड्यात हात घालून सुई शोधावी तसं झालं, आणि हातही दुसऱ्याचा. मगन त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या मिशीवर लोखंडाचा बारीक भुसा चमकत होता.

आता सांगता आलं असतं. “बापू, माले समजत नही.” एवढंच वाक्य. ते नानांच्या तोंडापर्यंत आलं. त्याच्यामागून दुसरा विचार आला: मग उद्यापासून टेबलाशी कोण बसेल? आणि मापाचा माणूस माप घेत नाही तेव्हा तो कोण असतो?

नाना पडद्याकडे बघून म्हणाले, “कमीच शे.”

मगन नुसता बघत राहिला, आणि मग खाली बघायला लागला.

“व्हयनं ना समाधान?” बापू म्हणाले. “उद्यापाइन लेथवर मन्हा साडूना पोऱ्या बसी. तू माल उचलानं काम कर.”

नानांनी स्वतःला विचारलं, तुला काय वाटतंय? वाईट वाटायला हवं होतं. नानांनी वाट पाहिली. काहीच आलं नाही. मगनने लेथवरची झेंडूची माळ सारखी केली, आपली चिंधी खिशात घातली आणि तो बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला.

संध्याकाळी घरी चेतना बापूंनी पाठवलेली मापं घेऊन बसली. कंपनीला पाठवायच्या आधी त्यांचा आलेख काढायची ताकीद होती. आईच्या मोबाइलचा चार्जर काढून तिने स्वतःचा जुना लॅपटॉप लावला, भाजी निवडणाऱ्या प्रमिलाबाईंना मध्येच ‘आई, सरक जरा’ म्हणाली, आणि मग एकदम गप्प झाली. चेतना गप्प झाली म्हणजे घरात सगळे वर बघतात.

“पप्पा, हे बघा ना.”

पडद्यावर एक निळी रेघ होती. थोडी वर, थोडी खाली, अशी सरळ चालत आलेली. आणि मध्येच एक पायरी. जिना उतरावा तशी रेघ एकदम खाली आली होती आणि खालच्या पायरीवर पुन्हा तशीच थोडी वर, थोडी खाली चालत होती.

“मगनकाकांचा हात बिघडला असता तर रेघ वेडीवाकडी झाली असती. एक जाड, एक बारीक. पण सगळेच्या सगळे एकदम सारखेच कमी? तीन भागांनी? मला वाटतं शाफ्ट बिघडले नाहीत, झिरोच सरकला. पप्पा, सकाळी तोंडं पुसली होती ना?”

“पुसी व्हती.”

“कशाने?”

“चिंधीनं. मंग आंगठानं.”

“मग झालं तर. तुमचा अंगठा म्हणजे…” ती हसली आणि पुन्हा पडद्यात शिरली.

प्रमिलाबाईंनी जेवायला ताट वाढलं. नाना हात पुढे करून बसले. प्रमिलाबाईंनी भाकरी ताटात ठेवता ठेवता त्यांचं मनगट धरलं. “हाई काय? खंडेनवमी व्हयनी, दसरा व्हयना, आनि अजून आंगठाले कुकू! हात बी धोया नही का नीट?”

नानांनी अंगठा दिव्याकडे धरला. तेलाच्या काळ्या रेषांच्या मधोमध, अंगठ्याच्या पेरात, लाल खडबडीत पापुद्रा चिकटला होता. दुसऱ्या अंगठ्याने चोळून पाहिला. काहीच लागलं नाही, पण पापुद्रा सुटून ताटाच्या कडेला पडला, तेव्हा तो दिसला. चांगला दिसण्याएवढा होता. सकाळी तो मायक्रोमीटरच्या तोंडात होता. थोडा अंगठ्यावर आला, बाकीचा तिथेच राहिला, त्याच्यावर झिरो धरला गेला, आणि चहाच्या सुमाराला कुठल्या तरी शाफ्टने तो खरवडून नेला.

चेतना पडद्याकडे बघत होती. प्रमिलाबाई वरण वाढत होत्या. दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं. नाना जेवले. उठले, हात धुतले, आणि धुतलेला हात उगाचच पुन्हा धुतला.

सकाळी नाना सगळ्यांच्या आधी शेडवर पोचले. कॉम्प्युटर चालू केला. मायक्रोमीटरची तोंडं त्यांनी या वेळी उजेडाकडे धरून, डोळ्यांनी बघून पुसली. मग मिटवली. मूठ टिक टिक करून सैल झाली. काचेत आकडा आला: वजा ०.०३. नानांनी बटण दाबलं. पडद्यावरच्या चौकोनातही तो पडला. वजाचं चिन्ह अगदी स्पष्ट होतं. दोन तोंडं एकमेकांना चिकटलेली असताना हे यंत्र म्हणत होतं की मध्ये काहीही नाही, त्याहूनही तीन भाग कमी आहे.

झिरोचं बटण तिथेच होतं. ते एकदा दाबलं असतं की संपलं. चौकोनातला आकडा खोडायचा, झिरो करायचा, आणि आजचा सगळा माल बरोबर. नव्या पोराच्या हाताने बरोबर. कालचा बिघाड मगनच्या नावावर कायमचा. नानांचं बोट बटणावर होतं. ते टेकलंय की वर आहे, ते कळायलासुद्धा त्यांना वाकून बघावं लागलं. टेकलेलं होतं. दाबलेलं नव्हतं.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. मगन. आज माल उचलायला. तो टेबलाकडे न बघता लोखंडाच्या सळ्यांकडे गेला. मागोमाग बापूंची मोटरसायकल आली, पाठीवर साडूचा पोरगा.

“बापू,” नाना म्हणाले. “अठे या. मगन, तू बी.”

मगन आला नाही. तिथूनच म्हणाला, “माले कसाले बलावतस? मी आते हमाल शे.”

“ये रे.”

आवाजात काहीतरी असावं. मगन आला. नानांनी मिटलेला मायक्रोमीटर दाखवला, पडदा दाखवला. “मिटेल शे. आकडा दखा.”

बापूंनी आकडा दोनदा वाचला. “म्हंजे?”

“म्हंजे झिरो चुकना. काल सकाळे तोंडमा कुकू व्हतं, मी त्यावर झिरो धरा. मंग कुकू निंघी गयं. मगनना समदा माल बरोबर शे.”

“पन तुम्ही तं आंगठानं पुसतस!”

“हां.” नानांनी अंगठा पुढे केला. “याले आते समजत नही. कोनताच बोटले समजत नही. काल तुम्ही माले जुनं माप दिधं, तवय बी काही समजनं नही. मी कॉम्प्युटर दखीसन सांगं.”

साडूच्या पोराने आपला मोबाइल खिशात घातला. बापूंनी नानांची बोटं धरून उलटी केली. तव्याच्या चटक्याचे डाग अजून होते.

“कधीपाइन शे हाई?”

“व्हई गयात बराच महिना.”

“आनि माले सांगता येत नही व्हतं?”

नानांनी विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं. “येत व्हतं,” ते म्हणाले.

बापूंनी स्वतः झिरो धरला आणि नापास ढिगातला शाफ्ट उचलून मोजला. हिरवा. दुसरा. हिरवा. तिसरा मोजता मोजता ते मगनकडे न बघता म्हणाले, “लेथ चालू कर, भो.”

मगन हलला नाही. तो नानांकडे बघत होता. “मन्हा हात तुम्हले ठाऊक व्हता, नाना,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरले नही ठाऊक. तुम्हले ठाऊक व्हता.”

“हां,” नाना म्हणाले. ‘बरं’ म्हणायची जागा ती नव्हती.

मगन लेथकडे गेला. माळेतली सुकलेली फुलं त्याने झटकून टाकली आणि पट्टा चालू केला.

घरी समजलं तेव्हा प्रमिलाबाई आधी भांडल्या आणि मग रडल्या. चेतनाने नानांचा हात मांडीवर घेतला आणि एकेका बोटाच्या टोकाला पेन्सिल टोचत गेली, “हे? हे? आणि हे?” असं विचारत. नाना प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होते. तळहातावर मनगटाजवळ पोचल्यावर ते म्हणाले, “हां, अठे.” तिने तिथे पेनाने एक ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरकडे गेली आणि तिथे सगळे प्रश्न तिनेच विचारले.

टेबल नानांकडेच राहिलं. पण बापूंनी एक नियम घातला: झिरो धरायच्या आधी तोंडं दुसऱ्या कुणीतरी पुसायची. कुणी पुसायची ते बापूंनी सांगितलं नाही. साडूचा पोरगा एकदोनदा पुसायला आला, त्याने चिंधीचा धागा आत सोडला.

मग एका सकाळी लेथ चालू करायच्या आधी मगन टेबलाशी येऊन उभा राहिला. तो अजून नानांशी बोलत नव्हता. चहासुद्धा तो कडुनिंबापलीकडे जाऊन प्यायचा. त्याने मायक्रोमीटर उचलला, चिंधीने पुसला, मग अंगठा तोंडांवरून सावकाश फिरवला, आधी एका, मग दुसऱ्या. अंगठा नानांच्या डोळ्यांपुढे धरला. स्वच्छ. आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. दिवाळीच्या आसपास कधीतरी त्याने अंगठा दाखवता दाखवता म्हटलं, “लक्ष्मीपूजनले रेवाबाईले याना जवळ येऊ देऊ नका.”

नानांनी मान हलवली. हसू आलं की नाही, ते त्यांना नक्की सांगता आलं नसतं. त्यांनी तोंडं मिटवली, टिकटिक ऐकली, झिरोचं बटण दाबलं आणि मग खात्रीसाठी एकदा आकडा पाठवला. पडद्यावरच्या पहिल्या चौकोनात ०.०० पडलं. पलीकडे मगनच्या लेथचा आवाज सुरू झाला. नानांनी तळहात टेबलावर ठेवला. टेबल थरथरत होतं, आणि मनगटाजवळ, त्या पुसट ठिपक्यापाशी, ते थोडंसं कळत होतं.